चीझच्या कारखान्याची पाटी

प्रेमानंद टेंभुर्णे यांना इतिहासात काडीचाही रस नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आज वेस्टमोर काउंटीत कुणालाही जुन्या गोष्टींबद्दल विचारलंत तर तो तुम्हाला थेट त्यांच्याकडे पाठवेल, आणि तुमचा गैरसमज होईल.

टेंभुर्णे दादा मूळचे भंडारा जिल्ह्यातले, लाखांदूरकडचे. सिव्हिलचा डिप्लोमा केला, पाटबंधारे खात्यात काही वर्षं काढली, आणि नव्वदचं दशक सरता सरता कांताबाई आणि लहानग्या विशालला घेऊन कॅनडाला आले. सुरुवातीला ते टोरोंटोच्या स्कारबरो भागात आमच्याच गल्लीत एका बेसमेंटमध्ये राहायचे. मग टोरोंटोपासून तीन तासांवरच्या या काउंटीत रोड्स डिपार्टमेंटमध्ये नोकरी लागली आणि ते तिकडे गेले. आम्ही जयंती मंडळातले लोक म्हणायचो, दोन हिवाळे काढतील आणि परत येतील. ते काही आले नाहीत. चौदा एप्रिलच्या जयंतीला तेवढे यायचे, डिकीत बटाट्याची पोती घालून.

रस्ते हा माणूस जीव लावून सांभाळायचा. नाली तुंबली, रस्त्याखालचा कल्व्हर्ट खचला, वळणावर बर्फ साचला, की दादा हजर. पण रस्त्याच्या कडेला काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्या भागात दर थोड्या अंतरावर इतिहासाच्या पाट्या उभ्या असतात. इथे पहिली शाळा भरली, इथे अमक्या पाद्र्याने पहिलं प्रवचन दिलं, इथे गिरणी होती, ती जळली. दादांच्या लेखी त्या सगळ्या एकच होत्या. गवत कापताना मध्ये येणाऱ्या वस्तू.

दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत त्यांच्या खात्याच्या एका प्लाऊने बर्फ ढकलता ढकलता काउंटी रोड नऊवरची अशीच एक पाटी खांबासकट उपटली. ड्रायव्हरने ती ट्रकमध्ये टाकून डेपोत आणली. पाटी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, जड, कोपरा थोडा वाकलेला. दादांनी ती, बर्फावर टाकायचं मीठ साठवतात त्या शेडमागे उभी करून ठेवली. बर्फ वितळल्यावर ते स्वतः दोन माणसं घेऊन ती परत लावायला गेले. जिथे खांब होता तिथे खणायला सुरुवात करण्याआधी त्यांनी रीतसर चौकशी केली, तर कळलं की मधल्या काळात त्या कडेने गॅसची लाइन गेलीय. तिथे कुदळ मारायला परवानगी नव्हती. दादांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि समोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, मऊ जमिनीत खांब रोवला. पाटी सरळ आहे की नाही हे लेव्हल लावून बघितलं. ती वाचली मात्र नाही.

काउंटी रोड नऊच्या उत्तरेला टेट्स मिल नावाचं गाव आहे आणि दक्षिणेला लिंटन. गाव म्हणजे काय, एकेक चर्च, एकेक दफनभूमी आणि पाचपन्नास घरं. मध्ये फक्त तो रस्ता. आतापर्यंत पाटी टेट्स मिलच्या बाजूला होती. आता ती लिंटनमध्ये गेली.

दुसऱ्याच सोमवारी ऑफिसात आयरीन प्राऊट नावाच्या बाई आल्या. वय ऐंशीच्या घरात, केस पांढरेशुभ्र, हातातल्या बशीत रूबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, वरून पुसायचा टॉवेल झाकलेला.

"मिस्टर प्रेमानंद तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. आडनावाच्या वाट्याला त्या भागात कुणी जातच नसे. "हा तुमच्यासाठी. पन्नास वर्षांनी या काउंटीत एक न्यायाचा माणूस भेटला."

कशाबद्दल, असं विचारणं दादांना बरं दिसेना. त्यांना वाटलं, हिवाळ्यात बाईंच्या दारासमोरचा बर्फ वेळेवर निघाला असेल. त्यांनी आभार मानले, पायचे तुकडे केले आणि ऑफिसातल्या सगळ्यांना वाटून खाल्ला.

मंगळवारी वेंडेल मॅकफी आले. टेट्स मिलचे म्हातारे शेतकरी, आयुष्यभर गाई सांभाळलेले, उंच आणि किंचित वाकलेले. ते बसले नाहीत. त्यांची नजर टेबलावर धुऊन पालथ्या घातलेल्या बशीवर गेली. बशीवर मागच्या बाजूला लाल नेलपॉलिशने 'प्राऊट' लिहिलेलं होतं, कारण चर्चच्या जेवणात भांडी हरवतात.

"म्हणजे हे असं झालंय तर," वेंडेल म्हणाले. "मिस्टर टी, मी तुम्हाला वेगळं समजत होतो. एका पायमध्ये विकले गेलात."

"सर, कशामध्ये गेलो?"

"पाटी."

"कुठली पाटी?"

वेंडेलनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना वाटलं, माणूस पोचलेला आहे. चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.

दुपारी दादा गाडी काढून गेले आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी ती पाटी पहिल्यांदा वाचली. 'या ठिकाणाजवळ १८६८ साली या काउंटीतला पहिला चीझचा कारखाना सुरू झाला.' खाली, कॅनडाच्या शतक महोत्सवानिमित्त १९६७ साली उभारली, असं होतं. बस, एवढंच. दादा घरी आले आणि जेवताना त्यांनी कांताबाईंना सांगितलं.

"चीझसाठी भांडून राहिले?" कांताबाई म्हणाल्या.

"चीझसाठी नाही वं. कारखाना या बाजूला होता का त्या बाजूला, यासाठी."

"आता आहे का तो?"

"कुठचा आता. पडून शंभर वर्षं झाली असतील."

"मग काऊन भांडतात जी?"

रविवारी व्हँकुव्हरहून विशालचा फोन आला तेव्हा दादांनी त्यालाही हेच विचारलं. तो तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायचा. "डॅड," तो म्हणाला, "जस्ट पुट इट बॅक."

"गॅस लाइन आहे ना बाबा तिथे."

"देन मूव्ह द गॅस लाइन," विशाल म्हणाला, आणि हसायला लागला.

पाटीचं प्रकरण हसण्यावारी नेण्याच्या पलीकडे गेलं. लिंटनच्या लोकांनी पाटीभोवती ट्यूलिप लावले. एका सकाळी ते सगळे कुणीतरी अगदी मुळाशी कापून नेलेले दिसले. टेट्स मिलच्या बाजूने खुलासा आला की हरणांनी खाल्ले. हरणं इतकी नीट, एका रेषेत खात नाहीत, असं लिंटनचं म्हणणं पडलं. खात्याला पत्रं आली, दोन्हीकडून, दादांच्या नावाची स्पेलिंग प्रत्येकात वेगळी. शेवटी काउंटीच्या इतिहास मंडळाने जाहीर सभा बोलावली आणि रोड्स डिपार्टमेंटचे प्रतिनिधी म्हणून दादांना हजर राहायला सांगितलं.

सभेच्या आधी दादा बशी परत द्यायला आयरीनबाईंकडे गेले. रिकामी बशी परत करायची नसते, म्हणून कांताबाईंनी त्यात करंज्या घातल्या होत्या. बाईंनी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि १९६७ ची हकिगत सांगितली. पाटी लागली तेव्हा समितीत वेंडेलचे वडील होते. लिंटनच्या एकालाही विचारलं नाही. उद्घाटनाला बोलावलं ते गवताच्या पेंढ्यांवर बसायला, खुर्च्यांवर टेट्स मिलवाले.

"तुम्हाला वाटत असेल, केवढ्याशा गोष्टीवरून," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावात आहे का अशी पाटी?"

गावात देवळावर पाटी होती, मालगुजाराच्या नावाची. पण दादांना आठवली ती विहीर. गावच्या विहिरीवर त्यांच्या लोकांना पाणी भरू देत नसत, म्हणून त्यांच्या आजोबांनी आणि वस्तीतल्या माणसांनी उन्हाळाभर खणून स्वतःची विहीर काढली होती. पाणी लागलं त्या दिवशी अख्ख्या वस्तीने तिथेच अंघोळी केल्या होत्या, असं आजी सांगायची. पुढे नळ आला आणि विहीर बुजवली. तिच्यावर आता कुणाचा तरी गोठा आहे.

एवढं सगळं त्यांनी आपल्या इंग्रजीत बाईंना सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कुणीतरी निदान एक खांब रोवून ठेवायला हवा होता."

"हो," दादा म्हणाले. तोवर हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

सभा मे महिन्यातल्या एका शनिवारी झाली. हॉल कुठल्या गावातला घ्यायचा यावरून वाद होऊ नये म्हणून ती तिसऱ्याच गावच्या फायर हॉलमध्ये ठेवली होती. फायर इंजिन बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. उजवीकडे लिंटन, डावीकडे टेट्स मिल, आणि मधल्या वाटेत टेबल टाकून एकटे दादा, लग्नात अंतरपाट धरून उभ्या असलेल्या माणसासारखे. कांताबाई मागे कॉफीच्या टेबलापाशी होत्या. त्या तिथल्या वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम करत आणि अर्ध्या हॉलच्या आयांना ओळखत.

आधी वेंडेल उठले. कारखाना टेट्स मिललाच होता, त्यांच्या पणजोबांचा होता, तिथलं चीझ जहाजातून इंग्लंडला जात होतं, आणि त्याचा पाया अजून त्यांच्या शेतात नांगराला लागतो. त्यांनी पायाचा एक दगड पिशवीतून आणला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. लिंटनच्या बाजूने कुणीतरी म्हणालं की असला दगड आपल्याही शेतात आहे, आपल्या शेतात दुसरं काहीच नाही.

मग आयरीन प्राऊट उठल्या. "दगड तुझा असेल, वेंडेल," त्या म्हणाल्या. "पाया तूच घातला असशील. वरचा कारखाना आमचा होता. लाकडाचा होता. हिवाळ्यात स्लेजवर चढवून, बैल जुंपून, बर्फावरून ओढत नेलात तुम्ही तो रस्त्यापलीकडे. चोरलात."

त्या काळी लोक लाकडी घरं अशी बर्फावरून ओढून हलवत असत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण हा कारखाना तसा गेला होता, हे तरुण माणसं पहिल्यांदाच ऐकत होती. म्हातारी माणसं जमिनीकडे बघत होती.

"चोरला नाही," वेंडेल म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "लग्नात कबूल केला होता."

"कुणी?"

"तुमच्या लोकांनी. अ‍ॅडलेडचं लग्न ठरलं तेव्हा. ती माझी पणजी होती. मुलगी आणि कारखाना असं ठरलं होतं."

"मुलगी देऊ म्हणाले होते. कारखान्याचं तुमच्या म्हाताऱ्याने लग्नानंतर काढलं. रुसून बसला होता तो. तीन रविवार चर्चला आला नाही."

आतापर्यंत दादा मान खाली घालून ऐकत होते. आता त्यांनी वर पाहिलं. मागून कांताबाईंनीही पाहिलं. दोघांची नजरानजर झाली आणि कांताबाईंनी मराठीत, हळू पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "हुंडा होय का जी हा?"

"तेच दिसते," दादा म्हणाले.

दादा मला नंतर सांगत होते की त्या क्षणी त्यांची सगळी भीती गेली. इतिहासाचं भांडण त्यांना कळत नव्हतं, पण हे इतिहासाचं नव्हतंच. हे व्याह्यांचं भांडण होतं. अशी भांडणं बघत बघत ते लहानाचे मोठे झाले होते. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात एका सायकलवरून दोन कुटुंबं अकरा वर्षं एकमेकांकडे जेवली नव्हती, आणि शेवटी सायकल गंजली तेव्हा बोलायला लागली.

ते उठले. "माफ करा," ते म्हणाले. "मला एक विचारायचंय. अ‍ॅडलेडबाई यांच्या पणजी. आणि तुमच्या कोण?"

"माझ्या पणजोबांची बहीण," आयरीनबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही दोघं नात्यातले."

दोघांनाही ते माहीत होतं, पण भरसभेत कुणी असं बोलून दाखवलं नव्हतं. दोघंही जरा ओशाळले.

"आमच्याकडे," दादा म्हणाले, "मुलीकडची आणि मुलाकडची माणसं भांडायला लागली की आधी जेवायला बसवतात. जेवताना फार भांडता येत नाही. आता बारा वाजलेत."

इतिहास मंडळाच्या अध्यक्षांनी तात्काळ सुटी जाहीर केली. ते बिचारे सकाळपासून कारण शोधत होते. जेवणात सँडविच होते, दोन्ही गावांचं चीझ होतं, आणि कांताबाईंनी आणलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. वेंडेलनी तो चीझवर लावून खाल्ला, डोळे पुसले आणि आणखी मागितला. आयरीनबाईंनीही मागितला, कारण वेंडेलनी मागितला होता.

जेवणानंतर सगळे मऊ झाले. दादांनी एवढंच सांगितलं की गॅस लाइनमुळे खांब लिंटनमध्येच राहील, त्याला इलाज नाही. पण पाटीचं तोंड रस्त्याकडे आहे, म्हणजे टेट्स मिलकडे. टेट्स मिलच्या घरांतून ती वाचता येते. लिंटनच्या घरांतून तिची पाठ दिसते.

वेंडेल यावर विचार करू लागले. आयरीनबाई त्यांच्याहून वेगाने करत होत्या. "पाठीवरही लिहिता येतं," त्या म्हणाल्या. "पाठीवर अ‍ॅडलेडचं लिहा."

"अ‍ॅडलेड आमची होती," वेंडेल म्हणाले.

"आमच्याकडून गेली म्हणून तुमची झाली."

कॅनडाला दीडशे वर्षं होत होती, त्यानिमित्त नवीन पाट्यांसाठी सरकारी मदत मिळत होती. दोन्ही बाजूंनी मजकूर असलेली नवी पाटी करायचं ठरलं. मजकूर कुणी लिहायचा हा प्रश्न आला तेव्हा मात्र अर्धा तास एकही नाव टिकेना. शाळेतल्या मास्तरीण बाईंची आई लिंटनची होती. पाद्रीबुवांची बायको टेट्स मिलची. शेवटी अध्यक्ष दादांकडे बघून म्हणाले, "या काउंटीत ज्याचं कुणीही पुरलेलं नाही असा इथे एकच माणूस आहे."

दादांनी नोकरीत पुष्कळ रिपोर्ट लिहिले होते, पण हा मजकूर त्यांनी दोन आठवडे लिहिला. अडलं होतं एकाच शब्दावर. कारखाना 'नेला' म्हटलं तर लिंटनचा आरोप खरा ठरत होता. 'दिला' म्हटलं तर टेट्स मिल जिंकत होतं. 'हलवला' हे दोघांनाही आवडलं नाही, त्यात माणसंच नव्हती. एका संध्याकाळी कांताबाई पोळ्या लाटत होत्या आणि दादा ते वाक्य पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणून बघत होते.

"त्या बाईचं काय म्हणणं होतं?" कांताबाईंनी विचारलं.

"कोणत्या?"

"अ‍ॅडलेडचं. चीझ कोण बनवत होतं?"

चीझ अ‍ॅडलेड बनवायची, हे सभेत दोन्ही बाजूंनी सांगितलं होतं. माहेरी आणि सासरीही. त्यावर वाद नव्हता म्हणून तिकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं.

"मग तिचं सामान तिच्यासंगं गेलं," कांताबाई म्हणाल्या. "मी नाही का आणला माझा पाटा तुमच्या घरी. तुमच्या बाबांनी मागितला नव्हता, माझ्या बाबांनी दिला नव्हता."

दादांनी लिहिलं, 'अ‍ॅडलेड प्राऊट मॅकफी इथे चीझ बनवीत असे. लग्न होऊन ती रस्त्यापलीकडे गेली, आणि कारखाना तिच्याबरोबर गेला.' आयरीनबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, चालेल. वेंडेलनी वाचलं, खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि म्हणाले, चालेल.

मजकूर दादांनी ऑफिसातून ईमेलने इतिहास मंडळाला पाठवला. मंडळाने तो जसाच्या तसा ओतकाम करणाऱ्यांकडे धाडला. नमुना तपासायला आला तेव्हा लिंटनच्या लोकांनी लिंटनची अक्षरं टेट्स मिलएवढीच आहेत ना हे फुटपट्टीने मोजलं. टेट्स मिलच्या लोकांनी उलट बाजूने तेच मोजलं. खाली कुणी पाहिलं नाही.

एक जुलैच्या शनिवारी पडदा दूर झाला. या वेळी सगळ्यांना खुर्च्या होत्या. स्कारबरोहून आम्ही दोन गाड्या भरून गेलो होतो. पुढचा मजकूर छान होता. मग सगळे वळसा घालून मागे गेले. अ‍ॅडलेडची दोन वाक्यं होती, आणि त्यांच्या खाली, तशाच सोनेरी उठावदार अक्षरांत, दादांच्या ईमेलच्या तळाशी आपोआप येणाऱ्या ओळी ओतलेल्या होत्या. प्रेमानंद टेंभुर्णे, सुपरवायझर, रोड्स डिपार्टमेंट. फोन नंबर आणि एक्स्टेन्शन. आणि शेवटी, हा ईमेल छापण्यापूर्वी कृपया पर्यावरणाचा विचार करावा.

दादांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मग आयरीनबाई पुढे झाल्या, त्यांनी चष्मा सारखा केला आणि शेवटची ओळ सावकाश वाचली. "बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "ती सूचना कुठेही असलेली चांगली." वेंडेल म्हणाले की टेंभुर्णेचं स्पेलिंग पहिल्यांदाच कुठेतरी बरोबर आलंय, ते आता खोडणं म्हणजे अपमान होईल. पाटी पुन्हा ओतायची नाही, यावर दोन्ही गावांचं एकमत झालं. त्या दोन गावांचं कशावर एकमत झाल्याचं तिथल्या कुणालाच आठवत नव्हतं.

त्या उन्हाळ्यापासून दादांचा फोन वाजायला लागला. पाटी वाचणारे प्रवासी रस्त्यावरूनच नंबर फिरवायचे. बहुतेकांना जवळचा वॉशरूम कुठे आहे हे हवं असे. पण काही खरंच विचारायचे. चीझ कसलं होतं, बैल कुणाचे होते, अ‍ॅडलेडला मुलं किती. दादांना 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटायची. ते नंबर लिहून घेत, वेंडेलना किंवा आयरीनबाईंना विचारत, आणि दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही कळवत. निवृत्तीचा विचार होता, तो त्यांनी पुढे ढकलला. नवीन माणसाला एक्स्टेन्शन दिलं तर लोकांना कोण सांगणार, असं ते म्हणायचे. जयंतीला स्कारबरोला यायला आता त्यांना पाच तास लागायचे, कारण वाटेतल्या प्रत्येक पाटीपाशी गाडी थांबे. कांताबाई विणकाम घेऊन बसायला शिकल्या.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सस्कॅचवानहून एका बाईंचा फोन आला. त्या अ‍ॅडलेडच्या धाकट्या मुलीच्या नात निघाल्या. त्यांना आजीच्या आईची कबर बघायची होती. ती कुठे आहे हे दादांना माहीत नव्हतं. वेंडेल म्हणाले टेट्स मिलच्या दफनभूमीत, चर्चच्या मागे. आयरीनबाई म्हणाल्या शक्य नाही, ती शेवटी आजारपणात भावाकडे आली होती, लिंटनमध्येच आहे. दोन्हीकडचे जुने दगड शेवाळाने झाकलेले, नावं वाचता येत नाहीत.

रविवारी सकाळी दादांनी गाडी काढली. मागे वेंडेल आणि आयरीनबाई बसले, पुढे कांताबाई, मांडीवर पाण्याची बादली आणि दोन ब्रश. आधी कुठल्या दफनभूमीत जायचं ते ठरायचं होतं. वेंडेलनी खिडकी उघडली. आयरीनबाई म्हणाल्या, वारा लागतो, बंद कर. त्यांनी अर्धी बंद केली. दादा काउंटी रोड नऊवर आले, इंडिकेटर न देता मध्येच थांबले आणि म्हणाले, "तुमचं ठरलं की सांगा. रविवार आहे, मागून कुणी येत नाही."